उत्तरेची भिंत

“उद्या दगडांस्नी न्हाऊ घालावं म्हंत्यात समदी. चालंल न्हवं, साहेब?”

अनसाबाई गोसावींनी हे विचारलं तेव्हा मी दगडांच्या ओळींमधून फिरत होतो. हातात नोंदवही होती आणि ती मी विनाकारण उघडत होतो, मिटत होतो. कुंभेरीच्या मठाची भोजनशाळा माझ्यासमोर नदीकाठच्या शेतात आडवी पसरली होती. खांब एका बाजूला काढून ठेवले होते. भिंतींचे चारशे अडतीस दगड मात्र दिशेप्रमाणे, थराप्रमाणे लावलेले होते आणि प्रत्येकावर गेरूनं लिहिलेला एक आकडा होता. ते सगळे आकडे माझ्या हातचे. दीड महिना मी दुसरं काही केलं नव्हतं.

अनसाबाईंच्या मागे पन्नासेक माणसं उभी होती आणि सगळी माझ्याकडे पाहत होती. मी तेवीस वर्षांचा होतो. इतक्या नजरा एकदम अंगावर आल्या की माझी जीभ टाळ्याला चिकटत असे. गेरू पाण्यानं जातो, एवढं एकच वाक्य मला उच्चारायचं होतं. मी म्हणालो, “सरांना विचारून सांगतो.”

नंतर मी ग्रामपंचायतीच्या फोनपाशी गेलो. तिथं दोन माणसं बोलत बसली होती, म्हणून परत आलो. थोड्या वेळानं पुन्हा गेलो, तोवर माझी मीच समजूत घातली होती. न्हाऊ घालतील म्हणजे काय, तांब्याभर पाणी शिंपडतील, हळदकुंकू वाहतील, नारळ फोडतील. तेवढ्यासाठी सरांना त्रास कशाला? मी फोन उचललाच नाही. गावानं मात्र सरळ अर्थ लावला होता. साहेब नको म्हणाले नाहीत, म्हणजे हो म्हणाले.

कुंभेरी येत्या पावसाळ्यात धरणाखाली जाणार होती. गाव वर पठारावर हलणार होतं आणि आपल्याबरोबर मठही यावा असा गावाचा हट्ट होता. मठ म्हणून उरलं होतं ते फार थोडं. साडेसातशे वर्षांपूर्वी नागेशस्वामी नावाच्या एका शैव संन्याशानं तो स्थापन केला, यादवांच्या कुणा अधिकाऱ्यानं त्याला जमीन लावून दिली आणि पुढं तीन शतकं घाट चढणारा प्रत्येक वाटसरू तिथं जेवून पुढं गेला. मग शिष्यपरंपरा तुटली. गाव म्हणे, फौजेनं मठ पाडला. आमच्या पुरातत्त्व खात्याचे खळदकर सर म्हणत, ओळीनं तीन दुष्काळ पडले, कोठारं रिकामी झाली आणि अन्न देणं हेच ज्याचं व्रत त्या मठात राहायला कुणाला तोंड उरलं नाही. देऊळ ढासळलं, ओवऱ्यांतून उंबर उगवले. भोजनशाळा तेवढी चारी बाजूंनी पाचपाच थर राखून, छपराविना, उभी राहिली.

ती हलवायला खात्यानं परवानगी दिली, पण एका अटीवर. दगड जागच्या जागी लागले तरच तो मठ. नाहीतर तो दगडांचा ढीग, आणि ढीग जिल्ह्याच्या संग्रहालयाच्या परसात जाईल. सरांनी हे गावाला पत्रानं कळवलं होतं. ते स्वतः एकदाच येऊन गेले होते, पाडकामाच्या आधी, पाऊण तासासाठी. तेव्हा उत्तरेची बाजू घाणेरीच्या रानात पूर्ण बुडालेली होती. जाताना त्यांनी मला बजावलं होतं की तेलरंग वापरायचा नाही, दगडावर कायमचा डाग पडतो. गेरू वापर, रचून झालं की पहिल्या पावसात निघून जाईल. ट्रक परवा यायचे होते.

सकाळी शाळेच्या खोलीत मला जाग आली ती बैलगाड्यांच्या कुरकुरीनं. बाहेर येऊन पाहिलं तर नदीपासून शेतापर्यंत रांग लागली होती. मोठे दगड गाड्यांत, मधले दोघातिघांच्या खांद्यांवरच्या बांबूला बांधलेले, लहान दगड बायकांच्या डोक्यावर. सगळे ओले होते. सगळे पिवळे होते. मुलगी सासरी जायच्या आधी तिला हळद लावून न्हाऊ घालतात, तसं गावानं आपल्या मठाला न्हाऊ घातलं होतं, आणि पहाटेपासून घातलं होतं. नारळाच्या शेंडीनं घासून.

मी धावत शेतात गेलो. ओळी नव्हत्या. जागोजाग लहानमोठे ढीग पडले होते. मी एका दगडापाशी वाकलो, दुसऱ्यापाशी, तिसऱ्यापाशी. कुठं एखाद्या सातचा पाय उरला होता. तिपाण्णा मिस्त्री, ज्यानं ती भिंत दगडादगडानं उतरवली होती, तो बांधावर बसून विडी ओढत होता.

“आंघोळ तुमास्नीच घालायला पायजे व्हती, साहेब,” तो म्हणाला. “जरा जाग तरी आली असती.”

 मी बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिलो. बसावं असं वाटे आणि बसलो की उठावं असं वाटे. नोंदवहीत प्रत्येक दगडाचं माप होतं, पण त्या पाथरवटांचा हात इतका सारखा की शंभर-शंभर दगड एका मापाचे निघत. फाट्यावर दहाची एसटी येऊन थांबली. तिचं इंजिन घुरघुरत होतं. शाळेतून पिशवी उचलायला मला दोन मिनिटं पुरली असती. ती गाडी निघून जाईपर्यंत मी तिच्याकडे पाहत होतो, आणि मी गेलो नाही यात धैर्य मुळीच नव्हतं. शेतातून सगळ्यांच्या देखत फाट्याकडे चालत जाण्याची मला लाज वाटली, एवढंच.

काहीतरी करावं म्हणून मी जवळच्या ढिगातला एक दगड पलीकडे सरकवू लागलो. एका तरुण सुनेनं मला हटकलं. ती त्यांची पाठ आहे, दुसऱ्यांच्यात मिसळू नका, असं ती म्हणाली. मला कळलं नाही. तिनं मग लहान मुलाला सांगावं तसं मला सांगितलं. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी भोजनशाळेत भंडारा होतो, छप्पर नसलं तरी होतो. प्रत्येक घराची बसायची जागा ठरलेली. ज्या दगडांना टेकून घर बसतं ती त्या घराची पाठ. भंडाऱ्याच्या आदल्या दिवशी ज्यानं त्यानं आपली पाठ धुवायची, तिला तेल लावायचं. नवी सून आली की सासू पहिल्या वर्षी तिला पाठ दाखवते. आजही ज्यानं त्यानं आपापलीच धुतली होती.

“पण ओळखता कशी?” मी विचारलं.

तिनं तोंडाला पदर लावला. “नवरा कसा वळखत्यात, साहेब?”

आसपासच्या बायका हसल्या. माझे कान तापले. अनसाबाई पुढं आल्या. मठात रोज दिवा लावणारं त्यांचं गोसाव्याचं घर. त्या पासष्टीच्या होत्या आणि सकाळपासून, माझा चेहरा पाहून, त्यांना काहीतरी मोडल्याची शंका आली होती. मी आकड्यांचं सांगितलं. पहिल्यांदाच कुणालातरी सांगितलं. दगड जागी लागले नाहीत तर मठ जिल्ह्याला जाईल हे त्यांना पत्रामुळं ठाऊक होतंच. त्या म्हणाल्या, “आसं करा, पंगत बसवा. बसल्यावर समद्यांस्नी कळतंय, कोण कुटं ते.”

तिपाण्णानं मापं धरली, मी फक्कीनं जमिनीवर भोजनशाळेची रेघ ओढली आणि भर उन्हात, रिकाम्या शेतात, कुंभेरी पंगतीला बसली. पूर्वेला शेलार, त्यांच्याशेजारी सुतार, मग दोन्ही जाधव. दक्षिणेला कोपऱ्यापासून गुरव. बसलं की डावीकडचा उजवीकडच्याला म्हणे, जरा सर की, तू भंडाऱ्यालाबी आसाच पसरतोस. कुणीतरी ओरडून विचारलं की पत्रावळी कुठायत. जाधवांच्या दोघा भावांत एका दगडावरून जुंपली. मग म्हाताऱ्या जाधवणीनं तो दगड उलटा केला, विडी विझवल्याचा काळा ठिपका दाखवला आणि ही खोड कुणाची म्हणून थोरल्याकडे पाहिलं. थोरला मुकाट उठला. घरं बसत गेली तसे दगड त्यांच्यामागं लागत गेले. खालचा थर, कमरेचा, खांद्याचा, डोक्यामागचा. मापं वहीशी जुळत गेली. मी या वेळी सरांचं ऐकलं नाही. तिपाण्णानं आणलेल्या तेलरंगानं, दगडाच्या तळाला, पुन्हा आकडे घातले.

तीन वाजेपर्यंत तीन भिंती झाल्या. नदीच्या बाजूला एकशे चार दगड उरले.

ते उत्तरेचे होते, हे उघडच होतं. आतून त्या भिंतीशी चुली असत, त्यामुळं त्यांची एक बाजू काजळीनं काळी होती. ते तरुण मंडळाच्या पोरांनी धुतले होते, कुणाचेच नाहीत म्हणून. मी विचारलं की या भिंतीला कोण टेकायचं.  अनसाबाई जमिनीकडे पाहत राहिल्या. तिपाण्णानं एक दगड आपल्याकडे वळवला.

“भायेरच्या अंगाला तेल मुरलंया,” तो म्हणाला. “म्हंजी भायनं कुणीतरी टेकत व्हतं.”

सरपंच बाजीराव शेलार मला बाजूला घेऊन समजुतीच्या सुरात बोलू लागले. ते जुनं होतं, आता त्यातलं काही उरलेलं नाही, ते दगड कसेही लावा, कुणाला कळणार आहे. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण मला एकदा खोटं पडलेलं काम दुसऱ्यांदा खोटं करायचं नव्हतं, निदान त्या क्षणी तरी असं वाटत होतं. मी एकटाच ओढ्यापलीकडच्या वस्तीकडे निघालो.

गेनबा खरात एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले होते. वस्ती त्यांना तात्या म्हणे. ते अंगणात लाकडी खोक्याला पट्ट्या ठोकत होते. त्यांचंही घर हलायचं होतं. मी काय हवंय ते अडखळत सांगितलं. छप्पन सालापासून आमच्यातलं कुणी त्या भंडाऱ्याला गेलेलं नाही, असं ते म्हणाले, आणि ठोकत राहिले. मी तिथंच उभा राहिलो. जायला पाहिजे होतं, पण पाय हलेनात. शेवटी त्यांनी हातोडी खाली ठेवली.

“चला,” ते म्हणाले. “बघू तरी, मला अजून येतंय का.”

शेतात आल्यावर त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. दगडांपाशी उकिडवे बसले आणि प्रत्येकाची तेलाची बाजू वर करून तळवा फिरवू लागले. मी शेजारी ब्रश घेऊन बसलो. हा आज्याचा, ते म्हणाले. ही खोबण काठी टेकून टेकून पडलेली. हा चुलत्याचा. पुढच्यावर त्यांचा हात बराच वेळ राहिला. “हा बापाचा.” मी ब्रश रंगात बुडवला.

“थांबा,” ते म्हणाले. “मठाच्या त्या खांबावर काय लिहिलंय ते तुम्ही वाचलंत म्हणे.”

मी वाचलं होतं. मठाच्या इतिहासाची मी जी तीस पानं लिहिली होती ती त्या दोन ओळींवर उभी होती. आल्याला अन्न द्यावं, नाव पुसू नये, गाव पुसू नये. मी ते त्यांना सांगितलं.

तात्यांनी मान डोलावली. “नाव विचारायचं नव्हतं, तर आम्ही बाहेरचे हे त्यांना कळलं कसं?”

मी खाली पाहिलं. तीस पानांत याचं उत्तर नव्हतं. प्रश्नही नव्हता.

“मला हे सगळे सांगता येतील,” ते म्हणाले. “दहा वर्षांचा होतो शेवटी बसलो तेव्हा, तरी येतील. सांगितले की तुम्ही आकडे घालणार, आणि ही भिंत वर जशीच्या तशी उभी राहणार. मग लोक म्हणणार, बघा, जुनं होतं तसं आणलं. खरं का नाही?”

“खरं,” मी म्हणालो.

“तर मग मी नाही सांगत.”

बाजीराव पुढं झाले. आता कोण कुणाला बाहेर बसवतंय, तात्या, काळ बदलला, असं म्हणाले.

“बदललाय ना? मग भिंत कशाला पाहिजे, सरपंच?”

 तात्या उठून धोतर झटकू लागले. ते निघाले की मठाची एक बाजू कायमची जाणार होती, आणि अटीप्रमाणे कदाचित सगळा मठच. तेव्हा अनसाबाई बोलल्या. आवाज इतका बारीक होता की जवळच्यांनाच ऐकू गेला असेल.

“लगीन होऊन आले त्या साली सासूनं मला हितं वाढाया लावलं. ह्याच भितीवरनं. वरनं टाकायचं, हात लागू द्यायचा न्हाई. तुमची आई पदर पसरून बसायची, तात्या. एक डाव भाकरी मातीत पडली. म्या दुसरी दिली न्हाई. सासू बघत हुती.” त्या थांबल्या. “आनि पदर पसरलेलाच ऱ्हायला.”

तात्या त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर क्षमा नव्हती, रागही नव्हता. फार वर्षं शोधत असलेला पुर्जा भलत्याच कप्प्यात सापडावा तसं काहीतरी होतं.

“मला मठ पायजेल,” अनसाबाई म्हणाल्या. “दिवा लावायला मला दुसरी जागा न्हाई. पर ही भित नगं.”

मग सगळेच माझ्याकडे वळले. आदल्या संध्याकाळी वळले होते तसेच, पण आता दोनशे. दगडाला दगड हा नियम माझ्या हातात होता. मठ आहे की ढीग आहे हे सांगणारा कागद माझ्या सहीनं वर जाणार होता. मी उभा राहिलो. 

“उत्तरेला भिंत नाही,” मी म्हणालो. आवाज मला परका वाटला. “भोजनशाळा त्या बाजूनं उघडी होती. मी तसं लिहीन.”

बाजीरावांनी विचारलं की मग हे एवढे दगड टाकायचे काय. मला ते सुचलं नव्हतं. मी तात्यांकडे पाहिलं.

“टाकू नका,” ते म्हणाले. “माझा बाप टेकलाय त्यांना. आडवे घाला, जोत्याला. पायऱ्या करा. चढून आत येता येईल अशा.”

आणि ते ओढ्याच्या दिशेनं चालू लागले. दुसऱ्या दिवशी ट्रक आले.

रचनेचा नकाशा सात पानांचा होता. सातवं पान उत्तरेच्या भिंतीचं. ते मी उभंआडवं फाडलं आणि नवं काढलं: पाच रुंद पायऱ्या, वर मोकळी बाजू. इतिहासाच्या तीस पानांतही एक वाक्य घातलं. ते वाक्य खोटं आहे. मी इतकी वर्षं अभिलेख वाचण्याचं काम करतो, दुसऱ्यांची अशी वाक्यं शोधून काढतो, आणि हे एक मी स्वतः लिहिलेलं आहे.

बारा वर्षं झाली. मी ते कशासाठी केलं, याचा निकाल मला अजून लागलेला नाही. तात्यांच्या प्रश्नासाठी केलं असेन. पण भिंत नाही म्हटल्यावर त्या एकशे चार दगडांच्या गेलेल्या आकड्यांबद्दल मला कुणी काही विचारणार नव्हतं, आणि त्या संध्याकाळी फोन न उचलणारा मी सुटणार होतो, हेही तितकंच खरं. कधी एक कारण पुढं येतं, कधी दुसरं. मी दोन्ही वेगळी करू पाहतो आणि ती दोन्ही पुन्हा एकमेकांत मिसळतात.

त्या हिवाळ्यात काम पुरं झाल्यावर खळदकर सर पाहणीला आले. पठारावर वारा सुटला होता. तीन भिंती उभ्या होत्या, खांब जागी होते आणि उत्तरेकडून नव्या गावाची अर्धी घरं सरळ आत दिसत होती. अनसाबाई, बाजीराव, तिपाण्णा, सगळे होते. तात्या आले नव्हते. सर एकेक थर निरखत फिरले, तळाचा तेलरंग त्यांना दिसला तेव्हा नुसते हं म्हणाले, आणि शेवटी पायऱ्यांच्या खाली येऊन उभे राहिले.

“मला तेव्हा वाटलं होतं, इकडं भिंत असावी,” ते म्हणाले. “घाणेरीत नीट दिसलं नाही. तू जवळून पाहिलंस. होती का?”

“नाही, सर.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नको इतका वेळ पाहिलं. मग खिशातून पेन काढलं, नकाशाचं सातवं पान गुडघ्यावर धरलं आणि खाली सही केली. कुंभेरीच्या मठाच्या उत्तर बाजूविषयी कुणाला काही लिहायचं असेल तर खात्याकडे आज तेवढंच पान आहे.